राजधानीतील उद्याने आणि त्यांचे पाणी

१. विषयाची मांडणी

राजधानीचे जुने शहर पाहावयास जाणारा प्रवासी प्रथम किल्ला पाहतो, नंतर वाडे, देवळे, मशिदी व कबरी पाहतो, आणि पाय दुखू लागले म्हणजे विसाव्यासाठी बागेत येऊन बसतो. त्यामुळे बाग ही विसाव्याची जागा असून अभ्यासाची वस्तू नव्हे, असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या अभ्याससहली वेरूळ-अजिंठ्यास जातात, तेव्हा जातायेता औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) त्यांचा मुक्काम पडतो. मुक्कामात बीबीचा मकबरा व पाणचक्की पाहिली जाते. छायाचित्रे काढली जातात. परंतु ही बाग येथे का, आणि ती कशावर जगली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या प्रश्नाची दिशा दाखविणे एवढाच आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लंडनमधील हाइड पार्क हे राजोद्यान आठव्या हेन्रीने १५३६ साली शिकारीसाठी ताब्यात घेतले आणि पहिल्या चार्ल्सने १६३७ साली सामान्य जनांस खुले केले. अशा उद्यानाचा इतिहास मुख्यतः जमिनीच्या मालकीचा इतिहास असतो. तेथील हिरवळीसाठी राजाला फारशी यातायात करावी लागत नाही. आभाळच ते काम करते. आता नवल असे, की लंडन येथे वर्षाकाठी पडणारा पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर आहे, आणि औरंगाबादेस पडणारा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर. म्हणजे आपल्याकडील पाऊस काकणभर अधिकच. परंतु तिकडचा पाऊस बारा महिन्यांत विभागलेला असतो, तर आपला बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो. उरलेल्या आठ महिन्यांत बाग हिरवी ठेवावयाची तर पाणी कोठून तरी आणावे लागते. म्हणून दख्खनच्या पठारावरील राजोद्यानाचा इतिहास हा प्राधान्याने पाण्याचा इतिहास होय. बाग म्हणजे एका मोठ्या जलव्यवस्थेचे शेवटचे, डोळ्यांस दिसणारे टोक. ते पाहून परत फिरणे म्हणजे नदीचे मुख पाहून नदी पाहिली असे म्हणणे होय.

२. आपल्या प्रदेशातील पूर्वपरंपरा

राजधानी व उद्यान यांचा संबंध मराठवाड्यास मोगलांमुळे प्रथम कळला असे मानण्याचे कारण नाही. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ असे बिरुद लावीत. अमोघवर्षाच्या ८६६ च्या लेखांत ते आढळते. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. त्यांची राजधानी पुढे मान्यखेट येथे गेली, तरी मूळ नगराची आठवण त्यांनी अभिमानाने जपली. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही राष्ट्रकूटांशी निगडित असे मोठे नगर. तिसऱ्या कृष्णाच्या काळातील (दहावे शतक) शिलालेख तेथे सापडला आहे, आणि गावाजवळचा विस्तीर्ण जलाशय ‘जगत्तुंग समुद्र’ या नावाने ओळखला जातो. जगत्तुंग हे राष्ट्रकूटांचे बिरुद. तळ्याला ‘समुद्र’ म्हणणे यात राजाची हौस आहेच. पण आठ महिने कोरड्या राहणाऱ्या मुलखात साठविलेल्या पाण्याची किंमत काय होती, तेही या एका शब्दातून कळते.

लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे थोड्याच अंतरावर कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी होती. तेथे बाराव्या शतकात तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या क्रीडांमध्ये वनक्रीडा व जलक्रीडा यांस स्वतंत्र स्थान दिलेले आहे. राजाने उद्यानात जाणे हा केवळ करमणुकीचा भाग नसून राजपदाचे एक अंग होते, हे त्यावरून दिसते. पुढे आदिलशाहीच्या काळात नळदुर्ग येथे बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधण्यात आला (१६१३). बाहेर पाणी कोसळत असावे आणि आत बसून गारवा अनुभवावा, ही कल्पना याच भूमीत प्रत्यक्षात उतरली.

या सर्व उदाहरणांत पाणी उघड्यावर आहे. तळे, खंदक किंवा बांध डोळ्यांस दिसतो. औरंगाबादेत मात्र पाणी जमिनीखालून येते, आणि म्हणूनच तेथील बागांचा अर्थ लागणे अवघड जाते.

३. खडकी येथील नहर

निजामशाहीचा मुत्सद्दी सेनानी मलिक अंबर याने १६१० साली खडकी या गावी नवे नगर वसविले व ते राजधानी केले. स्थळ राजकीय दृष्ट्या सोयीचे होते. देवगिरीचा दुर्ग जवळ, उत्तरेकडील वाटांवर नजर. परंतु गावाच्या नावातच त्याची अडचण होती. खडकाळ माळ, मोठी नदी जवळ नाही, आणि खाम नदी उन्हाळ्यात क्षीण. अशा जागी फौज, बाजार व दरबार वसवावयाचा तर पाण्याचा प्रश्न आधी सोडवावा लागणार.

मलिक अंबर ज्या निजामशाहीत वाढला, तिच्या मूळ राजधानीत, म्हणजे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे, दुरून खापरी नळांनी व बांधीव वाहिन्यांनी पाणी आणण्याची प्रथा पूर्वीपासून होती. फराहबाग हा तेथील प्रासाद मोठ्या तलावाच्या मध्यभागी बांधलेला असून १५८३ साली पूर्ण झाला. ती विद्या खडकीस आली आणि १६१७ च्या सुमारास ‘नहर-ए-अंबरी’ सिद्ध झाली. पुढे मोगल काळात तिच्या जोडीला आणखी नहरी काढण्यात आल्या.

नहरीची रचना समजून घेणे कठीण नाही. डोंगराच्या पायथ्याशी व नदीच्या पात्रात मुरूम-वाळूच्या थरांतून पाणी झिरपत असते. हा थर ज्या पातळीपर्यंत ओला राहतो, तिच्या खालून दगडचुन्याची वाहिनी खोदून नेली, की झिरपणारे पाणी आपोआप तिच्यात उतरते. वाहिनीला शहराच्या दिशेने मंद उतार दिला म्हणजे ते पाणी स्वतःच्या वजनानेच वाहत येते. मोट नको, बैल नको, उपसा नको. ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवलेली असतात. त्यांतून माणूस खाली उतरून गाळ काढू शकतो व वाहिनीत हवा खेळती राहते. शहरात शिरताना पाणी नळांत घेतले जाते. नळांत हवा कोंडू नये व दाबाने ते फुटू नयेत म्हणून वाटेत दगडी मनोरे उभारलेले असतात. पाणी मनोऱ्यात चढते, कोंडलेली हवा बाहेर पडते, गाळ खाली बसतो आणि पाणी पुढील नळात उतरते. तेथून ते चौकांतील हौदांत, वाड्यांत व बागांत वाटले जाते.

या योजनेचे तीन गुण आहेत. पाणी झाकलेले असल्याने उन्हाने आटत नाही. उपसण्याचा खर्च नाही. आणि प्रवाह रात्रंदिवस चालू असल्याने थोड्या धारेतही दिवसाकाठी मोठा साठा होतो. दोषही एक आहे, आणि तो गंभीर आहे. ही वाहिनी वरच्या बाजूच्या भूजलावर सर्वस्वी अवलंबून असते. वरची जमीन कोरडी पडली, किंवा मधल्या कोठल्याही एका जागी वाहिनी तुटली, तर खालच्या टोकाची बाग सुकते. कारण मात्र बागेत उभे राहून दिसत नाही.

४. मकबऱ्याचा चारबाग

१६५३ साली औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हापासून हे नगर औरंगाबाद या नावाने मोगल सत्तेचे दक्षिणेतील केंद्र बनले. त्याची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ साली येथे वारली. तिची कबर म्हणजेच बीबीचा मकबरा. तो तिचा मुलगा आझमशाह याने बांधविला, अशी प्रसिद्धी आहे. प्रवेशद्वारावरील लेखात शिल्पकार अताउल्ला व स्थापत्यज्ञ हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी संबंधित उस्ताद अहमद लाहोरी याचा पुत्र.

ताजमहालाशी तुलना करण्याचा मोह प्रत्येकास होतो, आणि ती तुलना संगमरवर किती, घुमट केवढा, एवढ्यावरच थांबते. उद्यानाच्या दृष्टीने पाहिल्यास वेगळाच भेद दिसतो. ताजमहालात मुख्य वास्तू बागेच्या एका टोकास, यमुनेच्या काठावर आहे. येथे ती बागेच्या मध्यभागी आहे. ‘चारबाग’ म्हणजे पाण्याच्या पाटांनी व वाटांनी चौकोनी भागांत विभागलेली बाग. ही कल्पना इराणातून मध्य आशियामार्गे आपल्याकडे आली, आणि बाबराने आग्र्यास यमुनेकाठी तिचा पाया घातला. आग्र्याच्या बागांना शेजारी बारमाही नदी होती. औरंगाबादेत तशी नदी नसताना तोच नमुना माळावर उभा करावयाचा होता. येथे स्थापत्यापेक्षाही पाटबंधाऱ्याची कसोटी होती.

थोडे गणित करून पाहू. आवाराची लांबी दक्षिणोत्तर सुमारे ४५८ मीटर व रुंदी पूर्वपश्चिम सुमारे २७५ मीटर आहे. हे क्षेत्र सुमारे १,२६,००० चौरस मीटर, म्हणजे ३१ एकर होते. वास्तू, चौथरे, वाटा व हौद यांसाठी निम्मे क्षेत्र वगळले आणि उरलेल्या निम्म्यात झाडी व हिरवळ धरली, तर सुमारे ६३,००० चौरस मीटर राहतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे हिरवळीच्या प्रत्येक चौरस मीटरला रोज निदान पाच लिटर पाणी लागते, असे धरण्यास हरकत नाही. म्हणजे या एका बागेला भर उन्हाळ्यात रोज सुमारे तीन लाख लिटर पाणी हवे. हा आकडा अंदाजाचा आहे आणि आपल्या गृहीतावर तो कमीअधिक होईल; तरीही प्रश्नाचा आवाका त्यावरून ध्यानात येतो. कारंजी व हौद यांचे पाणी यात धरलेले नाही.

आवाराच्या उत्तर, पूर्व व पश्चिम भिंतींच्या मध्यावर बारादऱ्या आहेत, आणि दक्षिणेस प्रवेशद्वार. प्रवेशद्वारातून आत येताच समोरचा पाट, त्यातील कारंजी आणि त्यापलीकडे चौथऱ्यावरील पांढरा मकबरा असे दृश्य दिसते. पाणी येथे झाडांना जगविते, आणि शिवाय नजरेला वाट दाखविते. पाट कोरडा असेल तर मांडणीचा निम्मा अर्थ हरवतो. पाहणाऱ्याने पाट कोरडा दिसला तर नुसते हळहळू नये. उत्तरेकडील डोंगराकडे तोंड करून उभे राहावे आणि तेथून येथपर्यंत उतार कसा आहे ते पाहावे. पाणी कोणत्या बाजूने येत असावे, याचे उत्तर जमीन स्वतःच देते.

५. पाणचक्की : पाण्याचा क्रम

मकबऱ्यापासून फार दूर नसलेली, खाम नदीच्या काठची पाणचक्की ही बादशाही बाग नव्हे. ती बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याशी जोडलेली आहे. तरीही उद्यानांचा अभ्यास करणाऱ्याने ती वगळू नये. कारण राजोद्यानात जे झाकलेले असते ते येथे उघडे दिसते.

उत्तरेकडील डोंगरातून सुमारे सहा किलोमीटर अंतर कापून नहरीचे पाणी येथे येते, उंच भिंतीतून वर चढते आणि वरून हौदात कोसळते. त्या पाण्याच्या जोरावर चक्राची पाती फिरत आणि वरचे जाते चाले. या जात्यावर दळलेले पीठ दर्ग्यातील फकीर, विद्यार्थी व यात्रेकरू यांच्या अन्नछत्रास पुरविले जाई. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत होय. वर पाणी असल्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही गार राहते. हौदातून उतू जाणारे पाणी पुढे खाम नदीत जाते.

या क्रमाकडे लक्ष द्यावे. एकच पाणी प्रथम श्रम करते, नंतर वास्तू गार ठेवते, मग डोळ्यांस सुख देते आणि शेवटी नदीस मिळते. शोभा ही येथे उपयोगाची शत्रू नाही; उपयोग करून उरलेल्या पाण्याचीच ती शोभा आहे.

६. हिमायत बाग : जी जगली ती का जगली

राजधानी हलली की बागेचे काय होते? निजामुल्मुल्क आसफजाह याने औरंगाबाद हीच आपली राजधानी ठेवली होती. परंतु १७६३ साली निजामअली खानाच्या काळात राजधानी हैदराबादेस गेली. दरबार गेला तसे वाडे ओस पडले. औरंगजेबाने १६९२ साली बांधविलेल्या किल्ले अर्कच्या परिसरात पूर्वी बागा व हौद होते. त्यांचे अवशेषच उरले. राजोद्यानाला माळी, पाटकरी व गाळ काढणारे मजूर रोज लागतात. त्यांचा पगार थांबला म्हणजे नहरीत मुळे शिरतात, मनोऱ्यात गाळ साचतो, आणि दहा-वीस वर्षांत बागेचे रान होते.

असे असूनही दिल्ली दरवाजाजवळची हिमायत बाग टिकली. सतराव्या शतकात तिचा आरंभ झाला. सुमारे ३०० एकरांचे हे क्षेत्र पूर्वी मोगल बाग म्हणून ओळखले जाई. आज तेथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळसंशोधन केंद्र व रोपवाटिका आहे. शेजारीच आज डॉ. सलीम अली यांच्या नावाने ओळखले जाणारे सरोवर आहे. शहराच्या उत्तरेकडील हा सखल भाग. पावसाचे पाणी स्वभावतःच तिकडे ओढ घेते. बाग टिकण्याचे एक कारण ही भूमिरचना होय. दुसरे कारण असे, की तिला काम मिळाले. मकबऱ्याची बाग स्मारक म्हणून राखली गेली. हिमायत बाग फळबाग म्हणून राबत राहिली. कलमे, रोपे व प्रयोग यांसाठी माणसे तेथे रोज येतात, म्हणून विहिरी व पाट यांच्याकडे रोज लक्ष जाते. जुन्या उद्यानास जपावयाचे तर त्यास कुंपण घालणे पुरेसे नाही. त्यास धनी व काम दोन्ही लागतात, हा बोध येथे होतो.

७. भेटीचा क्रम

या विवेचनावरून भेटीचा क्रम उलटा करावा, अशी आमची सूचना आहे. नांदेडहून परभणी-जालना मार्गे किंवा लातूरहून बीड मार्गे येणाऱ्या सहलीने मकबऱ्यापासून आरंभ न करता शहराच्या उत्तरेपासून, हर्सूलच्या बाजूने करावा. तेथे खाम नदीचे खोरे व डोंगरांची रांग पाहावी. नंतर सरोवर व हिमायत बाग, मग मकबरा, आणि शेवटी पाणचक्की. अशा रीतीने पाहणारा पाण्याबरोबर उतरत येतो, आणि प्रत्येक ठिकाण मागच्या ठिकाणाचे फळ म्हणून समजते.

भेटीचा काळही विचारपूर्वक निवडावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वत्र हिरवळ असते. तेव्हा प्रत्येक बाग सारखीच सुंदर दिसते. कोणती जागा स्वतःच्या पाण्यावर जगते आणि कोणती आणलेल्या पाण्यावर, हे एप्रिलमध्ये कळते. शक्य असल्यास एकच जागा दोन ऋतूंत पाहावी. प्रत्येक ठिकाणी चार प्रश्न लिहून ठेवावेत: पाणी कोठून आले, ते कोणाच्या बळावर वर चढले, कोणी वापरले आणि उरलेले कोठे गेले. यांतील तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. बागेत कारंजे उडत होते तेव्हा शहरातील सामान्य कुटुंबास चौकातील हौदावरून घागर भरून आणावी लागत होती, हे विसरून केलेले उद्यानांचे कौतुक इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाही. मात्र तो चौकातील हौदही त्याच नहरीचा होता, हेही तितकेच खरे.

हीच पद्धत आपल्या घरच्या जागांनाही लावता येईल. कंधारचा किल्ला पाहताना बुरुज मोजण्याआधी खंदकाचे पाणी कोठून येते ते पाहावे, आणि जगत्तुंग समुद्राच्या काठाने पायी फिरून त्याचे ओहोळ शोधावेत. त्यासाठी खर्च नाही. एक दिवस व एक वही पुरे.

८. उपसंहार

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या व त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. वर मकबऱ्याच्या बागेसाठी आपण जो अंदाज काढला, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहिला तर असे दिसते, की त्या गाडीचे सगळे पाणी त्या एका बागेला जेमतेम दीड दिवस पुरले असते. ज्यांनी ती गाडी पाहिली, त्यांना मकबऱ्यातील पाट केवळ शोभेचा वाटणार नाही. इंजिन व पोलाद यांच्यावाचून एवढे पाणी रोजच्या रोज डोंगरातून शहरात उतरविण्याची विद्या याच प्रदेशात चारशे वर्षांपूर्वी होती, आणि तिचा बराचसा भाग आपण वापराअभावी गमावला.

शहर वाढते तसे नहरींच्या वाटेवर घरांचे पाये खोदले जातात, तोंडे बुजतात, आणि वरच्या अंगाच्या कूपनलिका भूजलाची पातळी खाली नेतात. नहर जमिनीखाली असल्यामुळे तिचा नाश कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. किल्ल्याचा बुरुज ढासळला तर वार्ता होते. नहरीचे तोंड बुजले तर होत नाही. म्हणून तोंडे, मनोरे व हौद यांची नकाशावर नोंद करणे हे इतिहास व भूगोल या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांचे तातडीचे काम आहे. मनोरे अद्याप उभे आहेत. जुन्या माणसांस तोंडांच्या जागा ठाऊक आहेत. ही माहिती नष्ट झाल्यावर बागा उरल्या, तरी त्या तेथे का होत्या हे सांगता येणार नाही.